चौथा कोपरा

मित्रांनो, मी एक जुनं पोस्टकार्ड आहे. पिवळट पडलेलं आणि तीनच कोपऱ्यांचं. चौथा कोपरा उंदरानं खाल्लेला नाही, की वाळवीनं. तो मुद्दाम फाडलेला आहे. तुमच्या घरी फोन आहेत, म्हणून हे सांगावं लागतं. पूर्वी माणूस गेल्याची बातमी ज्या कार्डावर असे, त्याचा कोपरा फाडून ते टपालात टाकत. असं कार्ड उंबऱ्याच्या आत नेत नसत. बाहेर उभ्यानं वाचायचं, फाडायचं आणि आंघोळ करायची. आमचं आयुष्य असं घटकाभराचं. मला मात्र पन्नास वर्षं झाली, आणि त्याचा मला जरासुद्धा अभिमान वाटत नाही.

मला सोलापूरकडच्या एका गावात लिहिलं. गोरखच्या जोडीनं विहिरी खोदणाऱ्या भागूनं मुकादमाकडून दोन ओळी लिहून घेतल्या : 'तुमचा भाऊ गोरख दरड कोसळून वारला. इथेच अग्नी दिला.' भागूला लिहिता येत नव्हतं, पण कोपरा त्यानं स्वतःच्या हातानं फाडला.

पत्ता होता कुशाबाईचा, मुक्काम आहुपे. तिकडचं टपाल तेव्हा घोडेगावच्या बाजारात रूपचंद शेटच्या किराणा दुकानात थांबे. बाजाराला आलेली माणसं ते घेऊन जात. ज्यांना वाचता येत नसे, त्यांना शेटच वाचून दाखवत. माणूस मनानं फार मऊ. मी पोचलो तो वसुबारसेचा दिवस. कुशाबाई भाऊबीजेसाठी साखर-खोबरं घ्यायला आली होती.

"शेट, माज्या दादाचं काय आलंय का?"

शेटनी मला गादीखाली सरकवलं. "नाही आलं, बाई."

त्यांना वाटलं, सण होऊ दे, मग सांगू. सण झाला. पुढच्या बाजाराला ती हसत आली आणि तेच विचारलं. एवढे दिवस का लपवलं, हे आता कुठल्या तोंडानं सांगायचं? महिना गेला, मग वर्ष. शेटनी मला दिलं नाही आणि फाडलंही नाही. घरच्या लग्नांच्या फोटोंसोबत एका पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं. त्या अंधारात दर बाजारी मला तिचा प्रश्न ऐकू येई. पुढे शेट गेले, दुकानाला कुलूप लागलं, तरी तो आवाज काही थांबेना. फोटोंतल्या नववधूंनाही तो ऐकू येत असावा. त्यांच्यातली एकही हसत नव्हती.

दोन वर्षांपूर्वी शेटच्या नातवानं, पीयूषनं, तो डबा पुण्यातल्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयाला दिला. तिथल्या थंडगार खोलीत तेजस्विनी नावाच्या मुलीनं हातमोजे घालून मला उचललं, मऊ ब्रशनं झाडलं आणि स्कॅनरच्या काचेवर पालथं ठेवलं. पांढरा उजेड अंगावरून सरकला. झाकणाखाली पुन्हा तोच आवाज. 'माज्या दादाचं काय आलंय का?' मी घाबरलो. तेजस्विनीला काही ऐकू गेलं नसावं.

पोर कामाला चोख. मूळ प्रत तिनं जशी होती तशी जपली. पण गावी नेऊन द्यायच्या प्रतीत माझा फाटका कोपरा तिनं कॉम्प्युटरवर भरून काढला, अगदी हुबेहूब. सगळ्यांनी वाहवा केली. तिनं मला वाचलं होतं, पण पन्नास वर्षांपूर्वीची बातमी घरच्यांना कधीच कळली असेल, असं ती धरून चालली.

दिवाळीच्या तोंडावर ती आहुप्याला गेली. तिच्या बॅगेत मीही होतो. कुशाबाई अंगण सारवत होती.

"आजी, तुमच्या दादांचं जुनं कार्ड सापडलंय."

म्हातारीनं हात धुतले, प्रत घेतली आणि चारी कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. कार्डातलं तेवढंच तिला वाचता येत होतं.

"चारी कोपरं हायेत की गं!" तिच्या डोळ्यांना धार लागली. "म्हंजी बरा व्हता माजा दादा. लोकं म्हनायची, इसरला तुला. मी दर बिजेला पाट मांडते, अन् तो आला न्हाई की चंद्राला ओवाळते. यंदा पाटावर ह्येच ठिवीन."

तेजस्विनीचा चेहरा पांढराफटक पडला. मी आतून ओरडत होतो, मला काढ, माझा कोपरा दाखव! तिचा हात बॅगेच्या चेनपर्यंत आला. शेजारी पणत्या वाळत होत्या.

"आजी," ती म्हणाली, "हे काच लावून आणते. सण होऊ दे."

"बरं. इतकी वर्सं थांबले, आनखी चार दिस. पाट मांडून ठिवते."

दिवाळी होऊन गेली. मी पुन्हा थंड खोलीतल्या खोक्यात आहे. तेजस्विनी रोज येते, माझ्या खोक्यावर हात ठेवते आणि तशीच निघून जाते. आणि तो आवाज रोज येतो.

मित्रांनो, जुने कागद जरूर जपा, पण त्यांचं फाटलेलं बुजवू नका. आणि मला तर जपूही नका. तुमच्यापैकी कोणी आहुप्याला जाणार असेल, तर मला घेऊन जा. उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्यानं वाचा. तिला रडू द्या. मग माझे तुकडे करा. पाट तिनं अजून उचललेला नसेल.