काचेचं पाकीट

आमचे दाजी श्रीमंत झाले, त्याचा घरात कोणाला काही त्रास झाला नाही. चपला त्याच राहिल्या, स्वयंपाकघरातला नळ पूर्वीसारखाच गळत राहिला आणि ताई भाजीवाल्याशी पूर्वीइतक्याच जिद्दीने भांडत राहिली. श्रीमंती फोनमध्ये होती आणि फोन दाजींच्या शर्टाच्या खिशात. दिवसातून अनेकदा ते ती बाहेर काढत, डोळे भरून बघत, शर्टाच्या टोकाला पुसत आणि जागच्या जागी ठेवून देत. एवढ्या कमी जागेत मावणारी श्रीमंती मी त्याआधी पाहिली नव्हती.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं आणि दाजींचं चष्म्याचं दुकान आहे. होतं. पुढे काउंटरवर ताई बसे. "तुमचं नाक मानी आहे हो, त्याला हलकी फ्रेम शोभायची नाही," असं म्हणून ती जड फ्रेम गिऱ्हाइकाच्या कानांवर चढवी, आणि गिऱ्हाईक आपल्या नाकाचा मान राखून जास्तीचे पैसे देई. मागे पडद्याआड दाजी काचा घासत. यंत्राची घरघर, त्यावर पाण्याची बारीक धार आणि दाजींच्या बोटांना कायम लागलेली पांढरी राड. जागा भाड्याची होती. ती कधीतरी विकत घ्यायची, म्हणून दोघांनी उभ्या आयुष्यात जे मागे टाकलं, ते सगळं दाजींनी एक दिवस कासवात घातलं.

कासव हे नाण्याचं नाव. नाणं म्हणायचं, पण ते वाजवून बघायची सोय नव्हती. ते फोनवरच घ्यायचं आणि फोनवरच विकायचं. ज्यांनी घेतलं त्यांचा एक ग्रुप होता. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं, पण जिव्हाळा असा, की सख्ख्या भावंडांनी लाजावं. भावंडांना एकमेकांची तोंडं बघावी लागतात, हेही आहेच. सकाळी उठल्यावर या मंडळींनी एकमेकांना 'पाय आत!' म्हणायचं. भाव पडला की कासवासारखे पाय आत घ्यायचे, हलायचं नाही. भाव चढला तरी पाय आतच. जो विकेल तो बेडूक. बेडकाला ग्रुपातून हाकलताना सगळे जण हिरवा बेडूक पाठवत, आणि बराच वेळ फोन डरांव डरांव करत राही.

आणि भाव खरंच चढला. दाजींना मूर्ख म्हणायला मी किती दिवस जय्यत तयार होतो, पण संधीच मिळेना. मध्यंतरी एकदा भाव असा कोसळला, की निम्मी मंडळी बेडूक होऊन निघून गेली. दाजी मात्र काचा घासत राहिले. तेव्हापासून ग्रुपात त्यांना थोरल्या कासवाचा मान होता.

या मानाबरोबर काचेचं पाकीट आलं. ज्या थोरल्यांवर ग्रुपाचा भरवसा, त्यांच्या पाकिटाचा पत्ता सगळ्यांत वर लावून ठेवलेला असे. कोणीही, कधीही बघावं: थोरल्याकडे किती कासवं आहेत, त्याने एखादं तरी विकलं का? नवी माणसं आधी ते बघत, मग पैसे घालत. दाजींना याचा फार अभिमान. "जगात एवढा स्वच्छ कारभार कुठे नाही, मेहुणे," ते मला सांगत. बाथरूमचं दार लावणारा माणूस हे अभिमानाने सांगत होता.

अडचण आली ती जागेच्या मालकाच्या मुलाकडून. म्हातारे मालक वारले. मुलगा परगावी राहणारा, त्याला जागा विकून मोकळं व्हायचं होतं. तो दुकानात आला, ताईने दिलेला चहा प्यायला आणि म्हणाला, "मावशी, पहिला हक्क तुमचा. पण महिनाअखेरपर्यंत. त्यानंतर शेजारचा केशकर्तनालयवाला तयारच आहे. त्याला भिंत पाडून आणखी खुर्च्या टाकायच्यात."

तो गेल्यावर ताईने पडदा सारला.

"ऐकलंत ना?"

"ऐकलं."

"तुमच्या फोनात अशी तीन दुकानं बसतील म्हणालात. मला एकच हवंय. विका आणि द्या."

दाजींनी यंत्र बंद केलं. हातातली काच उजेडात धरून पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली.

"विकता येत नाही गं असं."

"का? फोन बिघडलाय?"

"सगळ्यांना दिसतं. थोरल्यानं विकलं म्हटल्यावर लोक घाबरतील. भाव पडेल. त्यांनी माझ्याकडे बघून पैसे घातलेत."

"आणि मी कोणाकडे बघून घातले?" ताई म्हणाली. "अहो, दागिना असता तर घालून तरी मिरवले असते. गाय असती तर दूध काढलं असतं. हे काय आहे? सांभाळायचं, ओवाळायचं आणि हात लावायचा नाही!"

मी काउंटरपलीकडच्या स्टुलावर बसून एका फ्रेमच्या दांड्या उघडत-मिटत होतो. ताई माझ्याकडे वळली. "तू काय हसतोस? सांग की यांना."

"दाजी," मी म्हणालो, "गुपचूप विका थोडी. कोण चोवीस तास तुमच्या पाकिटाला नाक लावून बसलंय?"

"मी बसतो की," दाजी म्हणाले. "बाकीच्यांच्या पाकिटांना."

हे खरं होतं. मागे एका ट्रकवाल्याने टायर घ्यायला चार कासवं विकली, ती दाजींनीच पकडली होती. पहिला बेडूकही त्यांनीच पाठवला होता.

दोन दिवस घरात भांड्यांचा आवाज तेवढा मोठा झाला, बोलणं बंद. तिसऱ्या दिवशी दाजींनी सरळ माणसाला सुचावं ते केलं. ग्रुपात सगळं लिहून टाकलं. दुकान, ताई, मालकाचा मुलगा, महिनाअखेर. शेवटी विचारलं, की मला माझ्यातला तिसरा हिस्सा विकायचा आहे, परवानगी द्याल का? स्वतःच्या पैशाला परवानगी मागणारा माणूस आमच्या घराण्यात याआधी झाला नव्हता. निदान बायकोखेरीज कोणाकडे मागणारा.

ग्रुपाचा म्होरक्या कप्तान. त्याचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं. चेहऱ्याच्या जागी टोपी घातलेलं कासव होतं. कप्तानाने लिहिलं, 'हे कुटुंब आहे. कुटुंबात लपवाछपवी नसते. थोरल्यांनी मोकळेपणाने विचारलं, हाच आपला विजय. मतदान घेऊ.' मग खाली, 'मंजूर झालं तर थोरल्यांनी शुक्रवारी दुपारी चारला विकावं. आधी नाही, नंतर नाही. वेळ सगळ्यांना माहीत असली की कोणी घाबरणार नाही.'

मतदान सुरू झालं आणि दाजी दुकानात मोठ्याने वाचून दाखवू लागले. एक दंतवैद्य होता, त्याने लिहिलं, 'तुमच्यामुळे मी टिकलो. वहिनींचं दुकान म्हणजे आपलं दुकान.' कोणी रडकी कासवं पाठवली, कोणी हृदयं. एका बाईने लिहिलं, की माझ्या वडिलांनी आमच्यासाठी एवढा विचार केला असता तर! हाकललेला ट्रकवाला तेवढा काही बोलला नाही. तो तिथे नव्हताच. विरोधात जेमतेम पाच-सहा मतं पडली, त्यांनाही बाकीच्यांनी फैलावर घेतलं.

दाजींनी चष्मा काढून डोळे पुसले. ताईसुद्धा वरमली. "माणसं चांगली दिसतात की," ती म्हणाली. "मी उगाच बोलले." आणि तिने त्या दिवशी आपण होऊन त्यांच्या चहात साखर जास्त घातली.

मी विचारलं, "दाजी, वेळ सगळ्यांना सांगितलीय?"

"वर लावून ठेवलीय. कोणी चुकून विसरायला नको."

"आणि तुम्ही विकल्यावर भाव पडणार, हेही सगळ्यांना माहीत आहे?"

"म्हणून तर वेळ ठरवली, मेहुणे. विश्वास म्हणून काही असतो की नाही?"

विश्वासाविरुद्ध बोलायला मला कधी जमलेलं नाही. समोरचा माणूस फार खूश असतो.

शुक्रवारी मी जेवून दुकानात गेलो तेव्हा यंत्र बंद होतं. दाजी पडद्याआड नव्हते, काउंटरवरच फोन घेऊन उभे होते. ताई एका आजोबांच्या चष्म्यावर नाकाच्या गाद्या बसवत होती, पण लक्ष फोनकडे.

"काय झालं?"

"भाव जरा उतरलाय," दाजी म्हणाले. "सकाळपासून."

"जरा म्हणजे?"

"निम्म्यावर आलाय," ताईने सांगितलं. तिच्या हातातला बारीक स्क्रू खाली पडला. आजोबा वाकून शोधू लागले. चष्म्याशिवाय ते जमिनीशीच बोलत असल्यासारखे दिसत होते.

ग्रुपात परवानगी मागितल्यापासून दाजींनी कोणाच्या पाकिटात डोकावलं नव्हतं, ते बरं दिसलं नसतं. आता त्यांनी थोरल्यांची काचेची पाकिटं एकामागून एक उघडली. कारभार खरंच स्वच्छ होता. प्रत्येकात काय राहिलंय ते लख्ख दिसत होतं: काही नाही. दंतवैद्याचं पाकीट मतदान संपलं त्याच संध्याकाळी रिकामं झालं होतं. वडिलांची आठवण काढणारी बाई पहाटे उठली होती. कप्तानाने तर मतदान पुकारायच्या आधीच शेवटचं कासव विकलं होतं. ग्रुपात मात्र सकाळचे 'पाय आत!' ओळीने लागलेले होते, आणि त्यांच्या मधूनमधून अमका बाहेर पडला, तमका बाहेर पडला.

"आत्ता विका," ताई म्हणाली.

"चारची वेळ दिलीय."

"अहो, ते सगळे विकून गेले!"

"सगळे नाही. बरेच राहिलेत अजून. ते माझ्या पाकिटाकडे बघत असतील. मी वेळेआधी विकलं तर त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय राहिला?"

"फरक हा, की आपलं दुकान राहील! निम्म्या भावाने सगळं विकलंत तरी पुरतंय. मी हिशोब केलाय."

"शब्द दिलाय गं मी."

"दाजी, आण तो फोन इकडे," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना अरेतुरे केलं. त्यांनी फोन छातीशी धरला आणि पडदा सारून आत गेले.

ताईने आजोबांचा चष्मा पूर्ण केला. कानामागे दांडी बसते का ते पाहिलं, किंचित वाकवली, पुन्हा बसवली. पैसे घेतले नाहीत. आजोबा म्हणाले, "अहो, पण किती झाले?" ती म्हणाली, "राहू द्या." मग ती पडद्याकडे पाठ करून उभी राहिली. ती आत गेली असती, फोन हिसकावला असता तरी उपयोग नव्हता. तो फक्त दाजींच्या अंगठ्याला ओळखत होता. मी एकदा आत डोकावलो. दाजी यंत्राशेजारच्या स्टुलावर ताठ बसले होते, घड्याळाकडे बघत, परीक्षेला लवकर पोचलेल्या मुलासारखे.

चारला त्यांनी बटण दाबलं. मग पुन्हा दाबलं. मग बाहेर येऊन मला विचारलं, "घेणारं कोणी नसलं की काय दाखवतं हो, मेहुणे?" मला काय ठाऊक! पण दाखवायचं ते दाखवत होतं.

महिनाअखेरीला मालकाच्या मुलाने जागा केशकर्तनालयवाल्याला दिली. मुलगा सभ्य होता, वाईट वाटल्याचं दोनदा बोलला. काच घासायचं यंत्र भंगारात गेलं. हल्ली मोठ्या दुकानांत ते काम आपोआप होतं, म्हणे. त्यातल्याच एका दुकानात ताईला नोकरी मिळाली, दुसऱ्यांच्या फ्रेमा विकायची. तिथे नाकाचं कौतुक करायची पद्धत नाही, संगणकच चेहरा मोजतो.

सामान हलवायच्या दिवशी खोकी बांधून झाल्यावर ताईने एवढंच विचारलं, "त्या दिवशी मी म्हटलं तेव्हाच का नाही विकलंत?"

"शब्द दिला होता."

"कोणाला?"

दाजींनी तोंड उघडलं. दंतवैद्य, कप्तान, ती बाई. यातल्या एकाचंही नाव त्यांना येत नव्हतं. "सगळ्यांना," ते म्हणाले.

"हं," ताई म्हणाली आणि सुतळीला गाठ मारली.

शेवटी दुकानाची पाटी राहिली. पत्र्याची नव्हे, काचेची. लग्नानंतर दोघांनी हौसेने करून घेतलेली. एका स्टुलावर ताई चढली, दुसऱ्यावर दाजी, आणि मी खाली स्क्रू गोळा करायला. पाटी भिंतीवरून सुटली, दोघांनी दोन टोकांना धरली, आणि दाजींच्या खिशातला फोन वाजला.

"असू दे," ताई म्हणाली. "आधी हे उतरवा."

"नुसतं बघतो."

त्यांनी एक हात सोडून फोन काढला. वाचता वाचता त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू आलं. "ऐकलंस का, ग्रुपात जे उरलेत ना, त्यांनी मला कप्तान केलंय. एकमताने! म्हणतात, शब्दाला जागणारा एकच माणूस..."

त्यांचं टोक सुटलं. पायरीवर पडून पाटीचे इतके तुकडे झाले, की शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बाहेर आलं. ताईच्या हातात एक कोपरा तेवढा उरला. दाजी घाईघाईने खाली उतरले आणि एका हाताने काचा वेचू लागले.

"राहू द्या," ताई म्हणाली. "लावायची तरी कुठे होती?"