चौदा नंबरचा व्हॉल्व्ह

आमच्या घरातल्या काचेच्या कपाटात एक व्हॉल्व्ह आहे. म्हणजे आवाज हवेत सोडणाऱ्या ट्रान्समीटरमधली काचेची नळी; दुधाच्या बाटलीएवढी, आतून काळवंडलेली. गावाच्या मध्यम लहरींच्या रेडिओ केंद्रातून निवृत्त होताना बाबा तो घेऊन आले. पाहुणे आले की सांगतात, "चार हजार तासांनी बदलायचा असतो. मी एक्कावन्नशे काढले याच्याकडून!" दर रविवारी आई तो पुसून ठेवते.

त्या केंद्राची दुसरी गोष्ट नातेवाइकांनी माझ्या नावावर लावून ठेवली आहे. आई तिथे रोजंदारीवर निवेदिका होती. मी सहा महिन्यांची असताना तिने मला स्टुडिओत नेलं, मी रडले, ती मला घेण्यात गुंतली आणि केंद्र सहा मिनिटं मुकं झालं. आईचं काम सुटलं. मावशी अजून दारातच म्हणते, "आली का गं केंद्र बंद पाडणारी!" मी हसायचे. स्वतःचं बाळ झाल्यापासून हसू येत नाही. त्याला आईकडे सोडून कामावर जाते आणि दिवसातून चार वेळा फोन करते. लेकरापायी काय काय जातं, हे मला माझंच उदाहरण देऊन शिकवलंय ना.

केंद्राला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघणार होती. समितीचे अध्यक्ष बाबा. इतिहास लिहायचं काम त्यांच्याच शब्दावर मला मिळालं. सहा मिनिटांचा प्रसंग 'गमतीदार आठवणीं'त घाल, हेही त्यांनीच सुचवलं.

व्हॉल्व्हचा फोटो छापायचा होता. त्याखाली तारखा हव्यात म्हणून मी केंद्राच्या दफ्तरखान्यात गेले. तिथले काका म्हणाले, "माणसांचे कागद वाळवीने खाल्ले, ताई. व्हॉल्व्हचे शाबूत आहेत. प्रत्येकाचं कार्ड. कधी बसवला, कधी काढला, मिनिटासकट."

आमच्या व्हॉल्व्हचं, चौदा नंबरचं, कार्ड बाबांच्याच अक्षरात होतं. काढल्याची तारीख मी दोनदा वाचली. केंद्र मुकं झालं त्या दिवसाची ती तारीख मला पाठ होती. त्यानंतर आई कधी माइकसमोर बसली नाही. वेळ : दुपारी दोन एकतीस. शेरा : जळाला.

ट्रान्समीटर चालू असताना व्हॉल्व्ह काढताच येत नाही. म्हणजे बंद पडला होता तो ट्रान्समीटर, गावाबाहेरच्या शेडमध्ये, बाबा एकटेच पाळीवर असताना. हजार तास आधी बदलायला हवा होता तो व्हॉल्व्ह. स्टुडिओत आई बोलतच होती, फक्त तिचा आवाज भिंतीबाहेर जात नव्हता.

मी स्टुडिओची नोंदवही मागितली. त्याच वेळेपुढे लिहिलं होतं : 'ट्रान्समीटर ठीक असल्याचे तेथून फोनवर कळवले. निवेदिकेसोबत मूल आढळले.'

मूल आढळले. ती मी.

संध्याकाळी नवं पान लिहून बाबांपुढे ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन काढलं. वाचून झालं तरी मान वर केली नाही. मग 'सहा' खोडून त्या जागी 'साडेसहा' लिहिलं.

"बाकी बरोबर आहे?"

"समिती हे ठेवणार नाही."

"समितीचे अध्यक्ष तुम्हीच ना, बाबा?"

"म्हणूनच सांगतोय."

आई स्वयंपाकघरात बाळाला भरवत होती. तिला सगळं ऐकू आलं होतं.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"त्या दिवशी यांच्या बोटांना फोड आले होते. तापलेला व्हॉल्व्ह घाईने उपटला की येतात. मीच मलम लावलं." चमचा फुंकून तिने बाळाच्या तोंडात घातला. "यांची नोकरी पक्की, माझी रोजावरची. कुठली वाचवायची, यात विचार काय करायचा?"

"ठीक आहे. पण माझ्यावर का ढकललंत?"

"अगं, तू तान्ही होतीस. तुला काय कळणार होतं?"

"तीस वर्षं तान्हीच होते का मी?"

तिने बाळाचं तोंड पुसलं. पुसलेलंच पुन्हा पुसलं.

"मी रडले तरी होते का गं त्या दिवशी?"

"झोपली होतीस," आई म्हणाली. "फार गुणी होतीस."

मी पान तसंच छापायला दिलं. स्मरणिका आली तेव्हा तो प्रसंगच त्यात नव्हता, ना जुना ना नवा. "तुझंही नाव सुटलं ना त्यातून," बाबा म्हणाले. त्यांच्या लेखी फिट्टंफाट झाली होती. पण निवेदकांची यादी केली होती कायम नोकरांच्या पटावरून. रोजंदारीचं त्यात कुणी नाही. पन्नास वर्षांच्या इतिहासात आई होती ती त्या एका प्रसंगापुरती. आता तेवढीही नाही. व्हॉल्व्ह मात्र आहे, पानभर. खाली ओळ : एक्कावन्नशे तास अखंड सेवा.

आईने यादीवरून बोट फिरवलं, वरून खाली, एकदाच. मग स्मरणिका चटईवर ठेवून दिली. बाळ रांगत आलं, व्हॉल्व्हचं पान टरकावून त्याने तोंडात कोंबलं. एरवी कागदाचा कपटा दिसला तरी मी धावत सुटते.

"अगं, बघत काय बसलीस, काढ ना!" आई म्हणाली. "शाई असते त्याला."

"असू दे," मी म्हटलं.