मारेकऱ्याचा डावा हात

बाबांनी आयुष्यात साधी मुंगी मारली नव्हती, पण एका सिनेमात त्यांनी सात मुडदे पाडले होते. मूळचे ते लाइटमन. मुखवट्याने तोंडभर पुरळ उठलं म्हणून मारेकऱ्याचं काम करणारा नट पळून गेला, आणि सेटवर सगळ्यांत उंच म्हणून ते काम बाबांच्या गळ्यात पडलं. लोक त्यांना खांब म्हणायचे, ते उगाच नाही.

त्यांची लेक आठ वर्षांची असताना तिने तो सिनेमा शेजाऱ्यांच्या दाराच्या फटीतून पाहिला. सगळा नाहीच, एकच प्रसंग. मुखवट्यामागचा माणूस तिला ओळखू आला नाही, अंगठा ओळखू आला. तापलेल्या दिव्याने भाजून नख काळं पडलेला तो अंगठा रोज सकाळी तिच्या वेणीला रिबन बांधायचा, आणि इथे एका मुलीच्या तोंडावर दाबलेला होता. दुसऱ्या दिवसापासून तिने वेणी आईकडून घालून घेतली. बाबांनी कारण विचारलं नाही. पोर मोठी झाली, एवढंच म्हणाले.

पुढे ती पोर खरंच मोठी झाली, दवाखान्यात एक्स-रे काढायला लागली. मोडलेली हाडं बघून आली तरी डबा चाटूनपुसून संपवायची. बाबांवर जीव होता, त्यांची औषधं, चष्मा, सगळं तीच बघायची. पण ते डोक्यावरून हात फिरवायला आले की हिला नेमकं गॅसवर काहीतरी आठवायचं.

आता तो सिनेमा म्हणे अभिजात ठरला होता. एका चित्रपट मंडळाने दुपारचा खेळ ठेवला आणि बाबांना पाहुणे म्हणून बोलावलं. तू शेजारी असलीस तर बरं वाटेल, असं ते फोनवर म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे बहाणा सुचेना. पूर्ण सिनेमा पाहिला की उरलेसुरले बाबाही जातील, ही तिला खरी भीती होती. तरी गेली.

सिनेमा सुरू झाला आणि ती चकितच झाली. याला अभिजात म्हणणारे धन्य! रक्त सरबतासारखं पातळ. समोर सताड उघडं दार असताना प्रत्येक मुलगी जिवाच्या आकांताने माडीवर पळत होती. एकीने तर इतकी लांब किंकाळी फोडली की मागच्या रांगेत कुणीतरी खोकून घेतलं. मात्र जिथे काहीच घडत नव्हतं, तिथे सिनेमा भारी होता. रिकामा बोळ, अर्धवट लोटलेलं दार, आणि खून झाल्यावर जाताजाता मारेकरी खोलीतला दिवा बंद करतो, तो खटका. त्या खटक्याने पूर्ण सभागृह गारठायचं.

मग तो प्रसंग आला. भिंत, मुलगी, काळ्या नखाचा अंगठा. तिने डोळे घट्ट मिटले, आणि स्वतःवरच चिडून उघडले.

पंजा मुलीच्या तोंडाला लागलेलाच नव्हता, मध्ये बोटभर जागा होती. आणि पडद्याच्या कडेला, कुणाचं लक्ष जाणार नाही अशा ठिकाणी, मारेकऱ्याचा डावा हात मुलीचं डोकं आणि भिंत यांच्या मध्ये होता. मुलगी झटापटीत डोकं आपटत होती, आणि दर वेळी ते त्या तळव्यावर आपटत होतं. कडक टेबलावर पेशंटला निजवताना ही स्वतः रोज तस्साच हात घालायची. आठव्या वर्षी फटीतून तिला अर्धाच पडदा दिसला होता.

तिला रडू आलं. शेजारच्या बाईंना वाटलं घाबरली, त्यांनी पाण्याची बाटली पुढे केली.

खेळानंतर एका अभ्यासू तरुणाने माइक घेतला. मारेकरी दिवा मालवतो, यामागचं चिंतन काय, असं त्याने विचारलं. बाबा गोंधळले.

"चिंतन कसलं? शॉट संपला की दिवा बंद करायचा, नाहीतर बल्ब तापून उडतो. हाताला सवयच होती. दिग्दर्शक आधी ओरडले, मग म्हणाले, राहू दे."

सभागृह हसून लोळलं. सगळ्यांत मोठ्याने ती हसली.

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कसा वाटला? तिने खरं ते सांगितलं. गोष्टीत दम नाही, पण खून करणारा माणूस चांगला आहे. मग ती त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसली.

"बाबा, डोकं दुखतंय. जरा चेपून देता?"

बाबांचे हात थोडा वेळ हवेतच राहिले, मग केसांत आले. काळ्या नखाचा अंगठा कपाळावरून सावकाश फिरू लागला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "उजेड डोळ्यांवर येतोय ना तुझ्या?" आणि हात लांब करून त्यांनी बटण दाबलं.

खटका वाजला. तिचे डोळे आधीच मिटले होते.