बँडमास्तरांचे दात आणि साडूबुवांचं कार्ड

कवळीवाल्यांचा एक नियम होता. गिऱ्हाइकाचे उरलेसुरले दात काढायच्या आधी त्यांचा फोटो काढून ठेवायचा. एकदा दात गेले की माणूस खोटं बोलायला लागतो, असा त्यांचा अनुभव होता. ज्याचे दात जन्मभर फावड्यासारखे पुढे होते तोही कवळी करताना शपथेवर सांगतो, की माझे दात म्हणजे मोत्याचे दाणे होते. मग कवळी तोंडात बसते, घरची माणसं त्याला बघून दचकतात आणि बोल लागतो कवळीवाल्यांना. फोटो हाताशी असला की वादच मिटला.

हे फोटो ते एका जुन्या डिजिटल कॅमेऱ्यावर काढत. कॅमेरा साबणाच्या वडीएवढा, चंदेरी, कोपऱ्यांवर रंग उडालेला. प्लास्टरची भुकटी, गुलाबी मेणाच्या पट्ट्या आणि रांगेत मांडलेले जबड्यांचे साचे यांच्यात तो एका डब्यात झाकून ठेवलेला असे. त्याचा गुण एकच, पण तो लाखमोलाचा होता. दात जसा असेल तसाच तो दाखवायचा. पिवळा तर पिवळा, चहाचा डाग तर चहाचा डाग. शेजारी दातांच्या छटांची पट्टी धरून फोटो काढला की नवा दात कोणत्या रंगाचा घ्यायचा हे डोळे झाकून कळे.

त्या मंगळवारी बँडमास्तर आले. उंच, खांद्यात रुंद, मिशा टोकदार. बँडच्या पुढे उभे राहून ट्रंपेट वाजवायचे आणि गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायचं. पण बोलताना तोंडावर हात धरायचे. वरचे पुढचे चार दात खिळखिळे झाले होते, वरचे बाकीचे आधीच गेलेले. शनिवारी दातांचे डॉक्टर ते चारही काढणार होते.

"माप तर घेतलंत. आता फोटो कशाला?" त्यांनी हाताआडून विचारलं.

"मापात दात येतात, ओठ येत नाहीत," कवळीवाले म्हणाले. "हसताना ओठ कुठवर वर जातो, कोणत्या दातावर टेकतो, ते मला दिसायला हवं. तुमचा तो डावीकडचा दात थोडा दुसऱ्यावर चढलाय ना, त्याच्यावर तुमचा ओठ बसायची सवय झालीय. तो सरळ केला तर ट्रंपेटमधून नुसती हवा येईल."

बँडमास्तरांचा चेहरा उतरला. हवेचं नाव काढताच ते मुकाट्याने खुर्चीत नीट बसले.

कवळीवाल्यांनी कॅमेरा उघडला, बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली: कार्ड एरर. त्यांनी कार्ड बाहेर काढलं, फुंकर मारली, सदऱ्याला पुसलं, परत घातलं. कार्ड एरर. मग खोडरबराने त्याच्या पाठीवरच्या पिवळ्या पट्ट्या घासल्या. पण कार्डाने राम म्हटला होता.

कवळीवाल्यांच्या पत्नी आतून आपला फोन घेऊन आल्या. "ह्याच्यावर काढा, त्यात काय एवढं," म्हणत त्यांनीच दोन फोटो काढले. फोटो बघून कवळीवाल्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. फोनने बँडमास्तरांचे दात पांढरेशुभ्र केले होते, वर गालांवरच्या सुरकुत्याही इस्त्री केल्या होत्या.

बँडमास्तर मात्र फोटोवर बेहद्द खूश. "हेच बनवा."

"अहो, हे दात तुमचे नाहीत."

"माझे नाहीत तर कोणाचे? तोंड तर माझंच आहे."

फोनमधलं काय काय बंद करायचं ते सगळं बंद करून पाहिलं. तरी फोन आपल्या मनाचंच करत होता. शेवटी शुक्रवारी दुपारी या, असं सांगून कवळीवाल्यांनी बँडमास्तरांना वाटेला लावलं. तोवर नवं कार्ड आणू, त्यात काय अवघड, असं त्यांना वाटलं.

पत्नीने ही हकीकत फोनवर धाकट्या बहिणीला सांगितली. तिथेच घोटाळा झाला. धाकटीचे यजमान, म्हणजे कवळीवाल्यांचे साडू, दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर.

साडूबुवांनी सगळी नोकरी पाण्याच्या टाक्या विकण्यात घालवली होती. दोन माणसांच्या घराला दहा माणसांची टाकी विकायची हा त्यांचा हातखंडा, आणि "मोठी घ्या, पुढे कमी पडणार नाही" हे त्यांचं ब्रीद. निवृत्त झाल्यावर टाक्या सुटल्या, ब्रीद सुटलं नाही. पातेलं असो, छत्री असो की शवपेटी, साडूबुवांचा सल्ला ठरलेला.

"हे घ्या," त्यांनी एक इवलंसं काळं कार्ड मेणाच्या पट्ट्यांवर ठेवलं. "पाचशे बारा जीबी. अख्ख्या गावाचे दात मावतील. बत्तिशीच्या बत्तिशी."

"मला चार दातांचा फोटो काढायचाय, साडूबुवा."

"आज चार आहेत. उद्याचं कोणी पाहिलंय?"

कवळीवाल्यांनी कार्ड कॅमेऱ्यात घातलं. बसलं तर अगदी फिट. बटण दाबलं. कार्ड एरर.

साडूबुवा वाकून पडद्याकडे बघत राहिले. "बावचळलाय तो," ते म्हणाले. "एवढं मोठं एकदम समोर आलं की होतं असं. थोडा वेळ द्या त्याला."

वेळ दिला. चहा झाला. कॅमेऱ्याचं मत बदललं नाही. मग साडूबुवांनी बॅटरी काढून घातली, कॅमेरा उलटा धरला, सुलटा धरला, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरला. तरी तेच. दुपारी ते एकशे अठ्ठावीसचं कार्ड घेऊन आले, संध्याकाळी चौसष्टचं. दर वेळी टाकी थोडी लहान होत होती, पण साडूबुवांचा आवाज तेवढाच मोठा होता. पडलो तरी नाक वर, ही त्यांची पहिल्यापासूनची रीत.

"कॅमेरा बदला," जाताना ते म्हणाले. "कार्डात काही खोट नाही."

कवळीवाल्यांनी कॅमेरा डब्यात झाकून ठेवला. साडूशी वाद घातला की तो दोन्ही घरांच्या स्वयंपाकघरांत पोचतो आणि तिथून वाढून परत येतो, हे त्यांना ठाऊक होतं. पण रात्री जेवताना त्यांचा घास तोंडात फिरत होता. शनिवार तोंडावर आला होता. दात एकदा गेले की गेले. आणि बँडमास्तरांना वाजवता आलं नाही तर आपण कोणत्या तोंडाने गल्लीत फिरणार?

गुरुवारी साडूबुवा दिवसभर फिरकले नाहीत. संध्याकाळी आले ते वेगळ्याच तोऱ्यात. चप्पल काढायच्या आतच म्हणाले, "मी म्हणतच होतो, मोठं कार्ड चालणार नाही."

कवळीवाल्यांच्या हातातली मेणाची सुरी जागच्या जागी थांबली. दारात उभ्या त्यांच्या पत्नीला एकाएकी खोकला आला.

"आज सबंध दिवस मी ह्याच्या मागे होतो," साडूबुवा खुर्ची ओढून बसले. "कॅमेऱ्याच्या कंपनीला फोन लावला, चार ठिकाणी वाचलं. कार्डं दिसायला सगळी सारखी, पण जाती तीन. साधं एसडी, मग एसडीएचसी, मग एसडीएक्ससी. आता तुमच्या कॅमेऱ्याचं झाकण बघा. काय लिहिलंय? नुसतं एसडी. पुढे शेपूट नाही. म्हणजे हा गडी दोन जीबीपर्यंतच मोजायला शिकलाय. त्याच्या वरचं कार्ड दिलं की त्याला ते कार्डच वाटत नाही. त्याचा दोष नाही. तो बनला तेव्हा ती कार्डं जन्मालाच आली नव्हती."

कवळीवाल्यांनी झाकण पाहिलं. खरोखरच नुसतं एसडी. मेलेलं कार्ड पाहिलं. दोन जीबी. साडूबुवा बरोबर होते, आणि चुकलेल्या साडूबुवांपेक्षा बरोबर असलेले साडूबुवा सोसणं किती कठीण आहे, हे कवळीवाल्यांना पहिल्यांदाच समजलं. तरी ते मनापासून म्हणाले, "उपकार झाले तुमचे."

"लहान घ्यावं माणसाने," साडूबुवा म्हणाले. "उगाच हाव कशाला?"

शुक्रवारी सकाळी दोघे साडू बाजारात निघाले. पहिल्या दुकानात काउंटरमागच्या बाईंनी विचारलं, "दोन जीबी? टेराबाईट म्हणायचंय का तुम्हाला?"

"जीबी," साडूबुवा म्हणाले. "साधं एसडी. शेपूट नसलेलं."

"सगळ्यात लहान बत्तीसचं आहे."

"बत्तीस ही संख्या आम्हाला नवी नाही," कवळीवाले पुटपुटले, "पण चालणार नाही."

दुसऱ्या दुकानातही बत्तीसच. तिसऱ्या दुकानदाराने मागवून देतो म्हटलं, पण माल पुढच्या आठवड्यात. चौथ्या ठिकाणी साडूबुवांनी दुकानदारालाच कार्डाच्या तीन जाती समजावायला घेतल्या, तेव्हा कवळीवाल्यांनी त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. ऊन चढलं होतं. साडूबुवांचं घर जवळ होतं, म्हणून दोघे तिथेच टेकले.

धाकटीने पाणी दिलं, सरबत केलं. बाहेरच्या खोलीत कपाटावर एक डिजिटल फोटोफ्रेम होती. तिच्यावर साडूबुवांच्या सहलींचे फोटो एकामागून एक सरकत. सहल समुद्राची असो की डोंगराची, फोटो तिथल्या पाण्याच्या टाकीचा. गोल टाकी, चौकोनी टाकी, खांबांवरची टाकी. प्रत्येक टाकीच्या पायथ्याशी एका बाजूला धाकटी उभी. ती तिथे का, तर टाकीची उंची कळावी म्हणून. घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ही मालिका पूर्ण बघावी लागे, आणि ती संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई.

धाकटी ट्रे घेऊन उभी राहिली, फ्रेमकडे बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "अहो, ह्याच्यात पण कार्डच आहे ना?"

पडद्यावर एक निळी टाकी आली आणि गेली.

"त्याचं वेगळं असतं," साडूबुवा घाईने म्हणाले.

पण कवळीवाले उठले होते. त्यांनी फ्रेम पाठमोरी केली, बोटाने कार्ड दाबलं, ते टुणकन बाहेर आलं. एसडी. शेपूट नाही. दोन जीबी.

साडूबुवा सरबताचा पेला हातात धरून बसले होते. चेहरा असा, की कोणी त्यांचाच दात उपटतंय. कवळीवाल्यांना खरंच वाईट वाटलं. "राहू द्या," ते म्हणाले. "दुसरं काहीतरी बघतो."

साडूबुवांनी मान हलवली. "त्या माणसाचं वाजवणं ह्याच्यावर अडलंय ना?" मग उठून ते आत गेले, संगणक सुरू केला आणि सगळ्या टाक्या एकेक करून आपल्या पाचशे बाराच्या कार्डावर उतरवल्या. एवढ्या मोठ्या कार्डात त्या एका कोपऱ्यात मावल्या. ते मोठं कार्ड त्यांनी फ्रेममध्ये घालून पाहिलं. फ्रेमही कॅमेऱ्याच्याच वयाची. तिने ओळख दाखवली नाही. पडदा काळाच राहिला.

"आता फोटो दिसायचे कसे?" साडूबुवा म्हणाले.

"बघू सावकाश," धाकटी म्हणाली. "आपल्याला काही घाई नाही." आणि तिने मेहुण्यांच्या पेल्यात न मागता आणखी सरबत ओतलं.

दुपारी बँडमास्तर वेळेवर आले. कॅमेऱ्याने कार्ड मुकाट्याने घेतलं, आतलं सगळं पुसायला परवानगी मागितली आणि तयार झाला. पण आता बँडमास्तर तयार नव्हते. उद्याच्या धास्तीने त्यांची दातखीळ बसली होती. कवळीवाल्यांनी हसा म्हटलं की ओठ घट्ट मिटायचे. ओठ उघडले की हात तोंडावर यायचा.

"अहो, तुमचं हसू नाही मिळालं तर ओठ कुठवर जातो ते मला कसं कळणार?"

"हसू काय मागून येतं?"

साडूबुवा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले होते. कार्ड आपलं असल्यामुळे काम संपेपर्यंत थांबणं ते कर्तव्य समजत होते. वेळ जावा म्हणून त्यांनी बँडमास्तरांना कार्डाची कथा सांगायला घेतली. अगदी गंभीरपणे. पाचशे बाराचं कार्ड पुढ्यात आल्यावर कॅमेऱ्याची काय अवस्था झाली, हे दाखवायला त्यांनी स्वतः कॅमेऱ्याचं तोंड केलं: डोळे वटारले, गाल फुगवले, आणि मोठा घास न गिळणाऱ्या पोरासारखी मान मागे घेतली. "आणि मी त्याला दोन दिवस समजावत होतो," ते म्हणाले. "प्रेमाने."

बँडमास्तर फुटले. आधी मिशा हलल्या, मग खांदे, मग तोंड असं उघडलं की चारही खिळखिळे दात, तो चढलेला डावा दात, वरची हिरडी, सगळं उजेडात आलं. कवळीवाल्यांनी बटण दाबलं, पुन्हा दाबलं, पुढे सरकून छटांची पट्टी ओठाशी धरली आणि पुन्हा दाबलं. बँडमास्तर डोळे पुसत होते.

"ह्यात हसण्यासारखं काय होतं?" साडूबुवांनी विचारलं.

"काही नाही," कवळीवाले म्हणाले. "तुम्ही फार छान समजावता."

दात शनिवारी निघाले. हिरड्या भरून यायला वेळ लागला. मधल्या काळात कवळीवाल्यांनी फोटो छापून समोर चिकटवला आणि मेणात तो डावा दात चार वेळा बसवला, चार वेळा काढला. कार्ड परत द्यायला ते धाकटीकडे गेले, तर तिने दारातच सांगितलं, "असू द्या तुमच्याकडेच भावजी, लागतं तुम्हाला." फ्रेमच्या जागी तिने फुलदाणी ठेवली होती.

कवळी बसवायच्या दिवशी बँडमास्तर ट्रंपेट घेऊनच आले. आरशात बघून म्हणाले, "एवढा वाकडा दात, इतका हुबेहूब." मग ट्रंपेट ओठांना लावलं. फुस्स. नुसती हवा. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. कवळीवाल्यांनी कवळी हातात घेतली, डाव्या दाताची कड कानशीने अगदी किंचित घासली, पुसून परत दिली.

दुसऱ्यांदा सूर आला. आधी घोगरा, मग भरीव, मग असा की फळीवरच्या साच्यांवरची भुकटी उडाली. आतून पत्नी गॅस बंद करून बाहेर आल्या. समोरच्या शिंप्याचं मशीन थांबलं. बँडमास्तरांनी डोळे मिटून एक अख्खी चाल वाजवली, मधे कुठेही न अडखळता, आणि कवळीवाले हातातली कानशी खाली ठेवायचं विसरून ऐकत उभे राहिले.

वाजवून झाल्यावर बँडमास्तरांनी जिभेने दात चाचपले, थोडा विचार केला.

"खालचे अजून माझेच आहेत," ते म्हणाले. "पण दोन हलायला लागलेत. आत्ता हसू येतंय तोवर त्यांचाही फोटो काढून ठेवता का?"