भरतीच्या बदल्यात

माझी पहिली अदलाबदल झाली तेव्हा संघाने माझा फक्त दम दिला आणि बाकीचा मी संघातच राहिलो.

अशी सुट्या भागांची देवाणघेवाण कबड्डीत त्याच वर्षी सुरू झाली होती. आमचा संघ कृष्णाकाठचा, घेणारा संघ समुद्राकाठचा. त्यांच्याकडे एक चढाईपटू होता, पायाने वाऱ्यासारखा, पण त्याचा दम निम्म्यातच तुटायचा. माझा दम लांब होता. दिवाळी झाली की आमची मेंढरं माणदेशातून कोकणात उतरायची आणि लहानपणी मी त्यांच्यामागे घाट चढत-उतरत असे. दम तिथे वाढला. आता मात्र माझी तिशी उलटली होती आणि गुडघे कुरकुरत होते.

"मल्हारी, तुझ्या बाकीच्याला कोणी विचारत नाही," आमचे प्रशिक्षक दळवी सर म्हणाले. "दमाला मागणी आहे."

दळवी सर खोटं बोलत नसत. मी बरं म्हणालो.

किंमत ठरवायला पारखी आले. पारखी हे त्यांचं आडनाव की त्यांचं काम, हे आम्हाला कधी कळलं नाही. कलिंगड पाहावं तसं ते खेळाडूच्या पोटरीवर टिचकी मारून आवाज ऐकत आणि पुढे जात. माझ्या छातीला मात्र त्यांनी कान लावला आणि बराच वेळ लावून ठेवला.

"घाट आहे यात," ते म्हणाले.

"हो."

"उतारासकट?"

"उतारासकट."

त्यांनी मला 'कबड्डी' म्हणत राहायला सांगितलं. मी म्हणत राहिलो. मग शेवटच्या शब्दाचं टोक चिमटीत धरून त्यांनी दम ओढून काढला, स्टीलच्या डब्यात भरला आणि झाकण लावलं. बदल्यात आमच्या संघाला दोन तरुण पकड करणारे मिळाले. सौदा चांगला झाला असं सगळे म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

दम नसला की माणूस मरत नाही, थांबतो. मी सरावाच्या हॉलमध्ये भिंतीशी थांबलो. दिसत होतं, ऐकू येत होतं, पण पापणी अर्ध्यावर आली होती ती पुढे जाईना. मुलं माझ्याभोवतीने पळत होती. दुपारी इरफान मुजावर माझ्यासमोर येऊन उभा राहिला. तो आमचा उजवा कोपरा सांभाळायचा. आम्ही सहा हंगाम एका खोलीत राहिलो होतो आणि त्यातले दोन आमचं भांडण होतं.

"माझ्याकडे लागतो त्याच्यापेक्षा जास्त आहे," तो म्हणाला. "कोपऱ्यात उभा तर असतो मी. मला काय करायचाय एवढा?"

त्याने माझ्या नाकावर फुंकर घातली, निखाऱ्यावर घालतात तशी, हळू आणि लांब. माझी पापणी मिटली आणि उघडली.

इरफानचा दम पोहणाऱ्याचा होता. लहानपणी तो नदीत सूर मारून पलीकडच्या घाटावर निघायचा, त्यामुळे आत घेतलेला श्वास बाहेर यायला वेळ लागे, आणि बोलण्याआधी माझे कान थोडे भरून येत. त्याला जांभई आली की मलाही यायची. आता तो जिना चढताना मध्ये एकदा टेकायचा. मी मागे थांबलो की म्हणायचा, "चल रे पुढं, बघत काय बसलास?"

दुसऱ्या दिवशी मैदानाच्या रेषा आत सरकलेल्या दिसल्या. मी दळवी सरांना विचारलं.

"तुझ्यात जेवढं तुझं उरलंय, तेवढंच मैदान तुला," ते म्हणाले. "नियमच आहे."

त्या आठवड्यात आम्ही जेवताना टीव्हीवर समुद्राकाठच्या संघाचा सामना पाहिला. त्यांचा तो चढाईपटू रेषा ओलांडून आत गेला आणि त्याच्या तोंडून माझा आवाज आला. कबड्डी, कबड्डी, कबड्डी, माझ्याच पट्टीत, वळणावर किंचित घसरणारा. सगळ्यांचे घास हातात राहिले. तो तिघांना हात लावून परतला तरी दम तुटला नव्हता.

"तुझाच आहे की," फुलाबाई मावशी म्हणाल्या. मावशी आमच्या छावणीचा स्वयंपाक करायच्या.

"हो, मावशी."

"जपून वापरतोय पोरगं."

तो खरंच जपून वापरत होता. मला बरं वाटलं.

नंतर माझं वजन गेलं. ते उत्तरेकडच्या संघाला हवं होतं आणि त्याच्या बदल्यात आमच्याकडे एक फिजिओ आणि नवी कोरी मॅट आली. पारखींनी मला बगलेत धरून दोनदा वरखाली केलं, तिसऱ्यांदा झटकलं, आणि वजन पायांतून खाली उतरलं. दोघा माणसांनी ते गोणीत भरून नेलं. माझे तळवे जमिनीला लागेनात. रात्रीचं जेवण मी खिडकीच्या गजाला धरून करायला लागलो.

मावशींनी हे दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी मला चुलीपाशी बोलावलं. त्या ज्वारीचं पीठ मळत होत्या. त्यांनी परातीवर ओणवं होऊन दोन्ही हातांचा भार दिला आणि तो भार पिठातच सोडला.

"मावशी, नको," मी म्हणालो.

"गप. गुडघ्याला जड होतंच मला. डॉक्टर कमी करा, कमी करा म्हणतोय कधीचा."

भाकऱ्या थापल्या तेव्हा तवा वाकला. मी एकेक भाकरी खात गेलो आणि एकेक बोट खाली उतरत गेलो. शेवटच्या घासाला मी फरशीवर बसलो होतो आणि फरशीला माझं बसणं जाणवलं. तेव्हापासून मी उठताना भिंतीला हात लावतो आणि 'विठ्ठला' म्हणतो. पूर्वी म्हणत नव्हतो. मावशी पदर ओट्याच्या पायाला बांधून स्वयंपाक करू लागल्या. मी विचारलं की सांगायच्या, गुडघे दुखायचे थांबले, फक्त वारं सुटलं की दार लावून घेत जा.

रेषा आणखी आत आल्या.

शेवटी झोप गेली. खेळाडूचं सगळं झोपेत भरून येतं, म्हणून चांगल्या झोपेला फार मागणी असते. माझी झोप कोणी घेतली ते मला सांगण्यात आलं नाही, बदल्यात काय आलं तेही नाही. मी डोळे मिटायचो आणि पापण्यांच्या आतूनही हॉल दिसायचा.

माझी बायको शालन म्हसवडहून पहिल्या एसटीने आली. कोणी कळवलं, मी विचारलं नाही. हॉलच्या व्हरांड्यात तिने माझं डोकं मांडीवर घेतलं. भर दुपार होती.

"शालन, तुला लागेल की."

"मला कशाला? दळण, पाणी, शाळेचे डबे, वेळच पुरत नव्हता. आता पुरंल," ती म्हणाली आणि माझ्या डोळ्यांवर तळहात ठेवला.

मी तिच्या झोपेत झोपलो. तिची स्वप्नं तिथेच होती, तिने ती काढून घेतली नव्हती. एकात आमचं लग्न होतं. मी ते तिच्या बाजूने पाहिलं. अंतरपाट खाली आला आणि पलीकडे एक किडकिडीत मुलगा मान खाली घालून उभा होता. त्याच्या हातातल्या हाराला घाम आला होता. तिला त्याची दया आली नाही. तिला तो आवडला. मी जागा झालो तेव्हा ती समोरच्या रस्त्याकडे बघत होती आणि माझ्या कपाळावरची माशी वारत होती. त्यानंतर ती झोपली नाही. मुलांना आजीकडे ठेवून छावणीतच राहिली. पहाटे सगळ्यांच्या आधी तिनेच दिवा लावलेला असायचा.

आता माझं मैदान खाटेएवढं झालं होतं. चढाई करायला जागा नव्हती, म्हणून मी पकड करू लागलो. गंमत म्हणजे मी इतका चांगला कधीच खेळलो नव्हतो. समोरचा त्या खाटेएवढ्या चौकोनात आला की मी त्याचा घोटा धरायचो. मावशींच्या वजनाला कोणी हलवू शकत नसे. इरफानच्या दमामुळे मला घाई नसे. आणि शालनच्या झोपेमुळे मी रोज सकाळी असा उठायचो, जणू आदल्या दिवशी मला कोणी पाडलंच नव्हतं. वर्तमानपत्रवाले तिशीनंतरच्या माझ्या बहराविषयी विचारायला आले. मी त्यांना तिघांची नावं सांगितली. त्यांनी ती छापली नाहीत.

मग पारखी पुन्हा आले. त्यांनी छातीला कान लावला आणि लगेच उचलला.

"यात नदी आहे."

"इरफानची."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून दाबलं. "हा ओट्याजवळचा भार आहे."

"मावशींचा."

त्यांनी माझी पापणी वर केली आणि आत पाहिलं. "ही झोप बाईमाणसाची आहे."

"शालनची. माझी बायको."

"मग यात तुमचं काय?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "कोकरे हे आडनाव," मी म्हणालो.

पारखी माझ्याशेजारी मॅटवर बसले. त्यांना बसलेलं आम्ही प्रथमच पाहत होतो. "मी बैल पाहिले, मल्ल पाहिले, घोडे पाहिले," ते म्हणाले. "सगळ्यांची किंमत करता येते, कारण कोणी त्यांच्यात स्वतःचं काही ठेवलेलं नसतं."

तरी त्यांनी किंमत केली. समुद्राकाठच्या संघाला मी आता सबंध हवा होतो. माझ्या बदल्यात ते सकाळची भरती द्यायला तयार होते. ओहोटी ते स्वतःकडे ठेवणार होते. कृष्णेला रोज सकाळी समुद्राचं पाणी चढणार हे कळल्यावर गावात आनंद झाला. लोक घाटाच्या पायऱ्या घासून ठेवू लागले. दळवी सर माझ्याशी बोलताना उभे राहायला लागले.

"एका खेळाडूला भरती," ते म्हणाले. "असा सौदा पुन्हा होणार नाही, मल्हारी."

"सर, मी ज्याचं त्याला परत देऊन मग गेलो तर?"

उत्तर पारखींनी दिलं. "मग तुमची किंमत शून्य. शून्य कोणी घेत नाही आणि कोणी ठेवतही नाही."

तरीही मी द्यायला गेलो. ओट्याच्या पायाला बांधलेला पदर मी रोज पाहत होतो. मावशींपुढे मी दोन्ही हात टेकवून वाकलो, त्यांनी दंडाला धरून मला सरळ उभं केलं. "पोटात गेलेलं कोणी परत घेतं का?" शालनच्या मांडीवर डोकं ठेवायला गेलो तर ती उठून चहा ठेवायला लागली. इरफान जिन्याच्या मधल्या पायरीवर टेकला होता.

"दम उष्टा होतो," तो म्हणाला. "परत नसतात घेत."

"इरफान, मी गेलो तर तुझा दमही जाईल."

"जाईल की."

"मग तू?"

त्याने गुडघ्यावर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं. त्याला बोलायच्या आधी थांबावं लागायचं आणि त्या थांबण्यात मला कान भरून आल्यासारखं झालं. "ते भांडण होतं ना आपलं, दोन हंगामांचं," तो म्हणाला. "कशावरून होतं, आठवतं तुला?"

"नाही."

"मलाबी नाही. ऊठ, हात दे."

मी हात दिला. त्या जिन्यावर मला जे वाटलं ते मी आजवर कोणाला नीट सांगू शकलो नाही. सहा वर्षं लोक माझे गुण मोजत होते, माझी उंची, माझं वय मोजत होते, आणि मी दर हंगामाच्या शेवटी या वेळी किती भरलो हे बघायला धावत होतो. आता मला तशी घाई उरली नव्हती. माझ्यात माझं काही नव्हतं आणि मी काठोकाठ होतो.

अदलाबदलीचा दिवस उजाडला. नियम असा की सबंध खेळाडू द्यायचा असेल तर त्याने स्वतःच्या पायांनी मधली रेषा ओलांडायची. त्याला कोणी ढकलायचं नाही, कोणी ओढायचं नाही. हॉल माणसांनी भरला होता. रेषेपलीकडे समुद्राकाठचा संघ रांगेत उभा होता. त्यांच्या बाजूची मॅट ओलसर दिसत होती आणि मिठाचा वास येत होता. माझं मैदान पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आत येत आता माझ्या दोन पावलांएवढं उरलं होतं. मी त्यात पाय जुळवून उभा होतो. दळवी सर माझ्या डाव्या हाताला उभे होते आणि त्यांना रडू येत होतं, पण ते टाळ्या वाजवत होते.

मागे वळून पाहायला जागा नव्हती. मी पुढे बघतच म्हणालो, "मावशी, इरफान, शालन, येतो."

"हं," तिघेही म्हणाले. आवाज फार जवळून आला.

पारखींनी हात खाली केला.

मी 'विठ्ठला' म्हणून उजवा पाय उचलला, आणि माझ्यामागे मॅटवरून आणखी तीन उजवे पाय उचलल्याचा आवाज आला.