मी लसूण खाल्ला नाही

हे आधीच सांगून ठेवते: मी लसूण खाल्ला नाही. एक पाकळीसुद्धा नाही.

मी कौसल्या, हुडकेश्वरची. गुडघे धरले म्हणून पारशिवनीकडच्या एका वैद्याचं, मनोहररावाचं, औषध सुरू केलं. हरताळाचं भस्म म्हणे. हरताळ म्हणजे पिवळा, विषारी दगड; पण भट्टीत नीट मारला की त्याचं भस्म होते, अन् निखाऱ्यावर टाकलं तरी धूर निघत नाही, हीच त्याची परीक्षा, असं त्यानं पहिल्याच दिवशी छाती फुगवून सांगितलं. पथ्य एकच, पण कडक: लसूण बंद. माह्या हातची लसणाची चटणी सारी गल्ली मागून नेते. तरी सोडला मी.

अन् महिन्याभरानं माह्या तोंडाले लसणाचा वास येऊ लागला!

माही सून दीप्ती ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते. म्हणे, "आई, खरं सांगा, चटणी खाल्ली ना?"

"रोज पंचशील घेते मी. खोटं बोलणार नाही, हे त्यात चौथं आहे. विसरली का वं?"

तिले काही पटलं नाही. वैद्यानं तं हद्दच केली. भरल्या ओसरीत, साऱ्या पेशंटांसमोर म्हणे, "गुडघे कसे बरे होतील, बाई? चोरून लसूण खाता तुम्ही." लोक हसले. माह्या अंगाची लाही लाही झाली.

घरी येऊन लसणाचं अख्खं टोपलं दीप्तीच्या पुढ्यात आदळलं. "ने तुह्या माहेरी. आता घरात पाकळी नाही. पाहू वास जाते का."

नाही गेला. वाढला. तवा दीप्ती जवळ आली. माहे हात धरून तिनं उजेडात नेले. तळव्यावर बारके, टणक दाणे आले होते. मी घट्टे समजून राहिली होती. "आई, औषधाची पुडी दाखवा," म्हणे, अन् रडालेच लागली.

मंग तिनं सांगितलं. हरताळात गंधक असते अन् आर्सेनिक. भट्टी चुकली की गंधक उडून जाते, मागं राहते सोमल, आर्सेनिकचंच विष. पिठासारखा पांढरा. त्याले ना चव, ना वास. पण जळत्या कोळशावर पडला की पांढरा धूर सोडते, अन् त्या धुराले लसणाचा वास येते. पोटात गेला तं श्वासालेही तोच.

"मंग चोर कोण?" मी विचारलं.

दवाखान्यात नाव घातलं, तपासण्या दिल्या. दीप्ती म्हणे, रिपोर्ट येऊ द्या, मंग तक्रार करू. मी म्हटलं, "रिपोर्ट माह्या पोटाचा येईल वं. माह्या तोंडाचा कोण देईल? भरल्या ओसरीत चोर म्हटलं त्यानं. भरल्या ओसरीतच परत करीन."

दोघी गेलो. ओसरी भरलेली. मी पुडी वर धरली. "मनोहरराव, करा तुमची परीक्षा. टाका निखाऱ्यावर."

"अशी कोणासमोर परीक्षा होत नसते, बाई."

"काहून? हात भाजते का?"

कोळशाच्या शेगडीवर काढा उकळून राहिला होता. मी भांडं उतरवलं अन् चिमूट सोडली. दीप्ती ओरडली, "सगळे मागं व्हा! धूर नाकात घेऊ नका!" पांढरा धूर निघाला अन् अंगणापर्यंत लसूण दरवळला.

"हा तं हिच्याच तोंडाचा वास!" मनोहरराव म्हणे.

मी तोंडाले पदर बांधला अन् पार फाटकाशी जाऊन उभी राहिली. तरी वास ओसरीत तसाच. तिथून ओरडून विचारलं, "इथं कोणी लसूण खाल्ला? कोणाच्या घरी तरी शिजला? साऱ्यायले यानंच बंद केला ना?"

भिवापूरहून आलेले शालिकराम, मोठ्या मिशांचे म्हातारे, त्यांनी ओंजळ तोंडापुढं धरून फुंकर मारली. वास घेतला. पुन्हा घेतला.

"बाई," ते म्हणाले, "मीही नाही खाल्ला वं. माही बायको महिनाभर मले लबाड म्हणून राहिली."

त्यांनी खिशातल्या पुड्या काढून दीप्तीच्या हाती दिल्या. मंग बाकीचे उठले. दीप्तीनं पोलिसांले फोन लावला. मनोहरराव चपला शोधू लागला, तशी मी फाटकाले कडी घातली अन् तिथंच ठाण मांडून बसली. गुडघे दुखून राहिले होते. दुखू द्या.