देवघरातली पितळी बाई

चार वर्षांपूर्वी लग्न होऊन जळकोटला आले तेव्हा देवघरातली ती पितळी बाई मला देवीच वाटली. रोज कुंकू लावायचे, सणासुदीला चिंचेनं घासायचे. ते आमच्या आजेसासूबाईंना, गजराबाईंना, बाराव्या वर्षी सिनेमात काम केल्याबद्दल मिळालेलं बक्षीस आहे, हे परवा कळलं. पुण्याहून श्रीनाथ नावाच्या गृहस्थांचा फोन आला तेव्हा. सिनेमाच्या अगदी सुरुवातीच्या पुरस्कारांवर ते पुस्तक लिहितात. जुन्या यादीत नुसतं ‘बेबी गजरा’ आहे. ती आमचीच आजी, याला पुरावा हवा.

“मूर्तीखाली पूर्ण नाव कोरलेलं असेल बघा,” ते म्हणाले.

मी उलटी करून पाहिली. खाली नुसतं चकचकीत पितळ.

नाव नाही, हे दोन दिवस मी कुणाला बोलले नाही. आजी मात्र शेजारणीला सांगत होत्या, “पुस्तकात येतंय म्हणं माझं नाव.” आज तर सकाळी सातलाच नवं लुगडं नेसून दारात बसल्या.

अकराला श्रीनाथ आले. माझी तान्ही हर्षाली मांडीवर दूध पीत होती, उठताही येईना. त्यांनी मोबाईलचा उजेड तिरपा धरून पाहिलं. पुन्हा पाहिलं.

“नाव नाही इथं.”

“माझ्या हातनं गेलं,” मी म्हणाले. “घासून घासून.”

“चार वर्षांत व्हय?” आजी म्हणाल्या. “लई जोर हाय की गं तुझ्या हाताला.” मग आवाज खाली आला. “म्याच घासलं. विटकरीच्या चुऱ्यानं, आठ दिवस. मामंजी म्हणाले, सिनेमातलं नाव घरात नगं. नाव गेलं तर बाहुली ऱ्हाऊ दे. मग देवात ठिवली.”

श्रीनाथांनी पिशवीतून कोरा कागद आणि पेन काढलं.

“आजी, हेच लिहून सही द्याल? छापतीलच असं सांगत नाही. पण मी भांडेन.”

“कुठलं नाव लिहू? आताचं का तवाचं?”

“दोन्ही.”

आताचं झरझर उतरलं. तवाच्या नावाला पेन कागदावर टेकलं ते तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पसरू लागला.

“आजी, हात धरू का?”

“तू पोरीला धर,” त्या म्हणाल्या, आणि ‘बे’ काढला.